वर्गाबाहेरच्या शाळेचा शिक्षक कसा पारखावा

ज्या शाळेत सहावी ते आठवीच्या अभ्यासाचा मोठा भाग डोंगरावर, ओढ्याकाठी, शेतात किंवा किनाऱ्यावर होतो, तिथल्या शिक्षकखोलीत निरनिराळ्या वाटांनी आलेली माणसे बसलेली दिसतात. कोणी बीएड करून बरीच वर्षे गणित शिकवलेले, कोणी उत्तरकाशीहून गिर्यारोहणाचा कोर्स करून आलेले, कोणी प्राणिशास्त्रात एमएस्सी करून पक्षीगणनेत रमलेले, तर कोणी गावातलेच, शाळा अर्धवट सुटलेली पण रानातली वाट न् वाट पायाखालची असलेले. अशा शाळेत मूल घालू पाहणाऱ्या पालकांना आणि अशी शाळा काढू पाहणाऱ्या संस्थांना पहिला प्रश्न पडतो तो हा, की या माणसांची पात्रता ओळखायची कशी? माहितीपत्रकात शिखरावरचे फोटो असतात, प्रमाणपत्रांची नावे असतात. त्यांतल्या कशाला किती वजन द्यायचे हे मात्र तिथे लिहिलेले नसते.

मुलांचे वय इथे फार महत्त्वाचे. अकरा ते चौदा या वर्षांत पायांत बळ येते, दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालणे जड जात नाही, नकाशावरच्या रेषांवरून डोंगराचा आकार डोळ्यांपुढे आणता येऊ लागतो. त्याच वर्षांत मित्रांसमोर कड्याच्या टोकाशी जाऊन उभे राहायची खुमखुमीही येते. पहिली-दुसरीची मुले बाईंचा हात धरून चालतात, कॉलेजातली स्वतःची जबाबदारी बऱ्यापैकी ओळखतात. मधल्या वयातली मुले या दोन्हींत बसत नाहीत. त्यामुळे निसर्गशिबिरात लहानग्यांना खेळवणारा किंवा कॉलेजच्या मुलांना हिमालयात नेणारा माणूस आपोआप सातवीचा शिक्षक होत नाही. ‘मुलांचा अनुभव आहे का’ एवढे विचारून भागत नाही. कोणत्या वयाच्या मुलांचा, हेही विचारावे.

कायद्याची बाजू त्यामानाने सरळ आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीला दर 35 मुलांमागे किमान एक शिक्षक लागतो. विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा या तिन्हींसाठी प्रत्येकी किमान एक शिक्षक हवा, आणि वर्षाला किमान 220 दिवस व 1000 तास अध्यापन व्हायला हवे. पट शंभरावर गेला, की कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक नेमायचे असतात. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने ऑगस्ट 2010 मध्ये घालून दिलेल्या किमान पात्रतेनुसार या वर्गांच्या शिक्षकाकडे पदवी, जोडीला डीएड किंवा बीएडसारखे प्रशिक्षण आणि शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजे टीईटीचा, दुसरा पेपर उत्तीर्ण झाल्याचा दाखला लागतो. शाळा डोंगरावर भरते म्हणून यातले काही माफ होत नाही. ‘आमच्याकडे पदव्यांना महत्त्व नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्या शाळेत विषयशिक्षकांची ही कागदपत्रे आधी पाहावीत.

दोर, नदी, रात्रीचा मुक्काम, सर्पदंश यांविषयी मात्र या साऱ्या पात्रतेत अवाक्षर नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना घालवावेत, मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांसोबत काम करावे असे सुचवले. मुलांना बाहेर नेणाऱ्या शिक्षकाची तयारी कोणी आणि कशी करायची, हे शाळेवरच येऊन पडते. बहुतेक शाळा निदेशकाच्या जागेवर एखादा गिर्यारोहक घेतात आणि काम भागले असे मानतात. खरी अडचण तिथूनच सुरू होते.

अशा शाळांचा इतिहास पाहिला तर सुरुवातीची माणसे कोणत्या घडणीची होती हे कळते. आधुनिक साहसशिक्षणाचे जनक मानले जाणारे कुर्ट हान हे जर्मन शिक्षक स्वतः गिर्यारोहक नव्हते. तरुणपणी झालेल्या उष्माघातामुळे त्यांना जन्मभर ऊन सोसत नसे. त्यांनी 1920 मध्ये जर्मनीत झालेम येथे शाळा काढली, हिटलरला विरोध केल्यामुळे 1933 मध्ये देश सोडला आणि 1934 मध्ये स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन शाळा सुरू केली. युद्धकाळात, 1941 मध्ये, वेल्समधल्या ॲबरडोव्ही इथे जहाजमालक लॉरेन्स होल्ट यांच्या साह्याने ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा निघाली. बुडत्या जहाजांवरून लाइफबोटीत उतरलेले तरुण खलाशी वयस्कांच्या आधी हातपाय गाळतात, हे होल्ट यांना खटकत होते. तरुणांना अंगबळापेक्षा धीर आणि अनुभव कमी पडतो, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि अभ्यासक्रम त्यावर बेतला गेला. उन्हात उभेही राहू न शकणारा शिक्षक आणि समुद्र जाणणारी माणसे अशी ही जोडी होती. एकाच माणसाकडून दोन्ही गोष्टींची अपेक्षा तेव्हाही नव्हती.

भारतातले ठळक उदाहरण डेहराडूनच्या दून स्कूलचे. 1935 मध्ये सुरू झालेल्या या शाळेत जॉन मार्टिन, जॅक गिब्सन, आर. एल. होल्ड्सवर्थ आणि गुरदयाल सिंग हे शिक्षक सुट्टीत हिमालयात जात आणि मुलांना बरोबर नेत. होल्ड्सवर्थ 1931 मध्ये कामेट (7756 मीटर) शिखरावर प्रथमच पोचलेल्या तुकडीत होते. गुरदयाल सिंग यांनी 1951 मध्ये त्रिशूल (7120 मीटर) सर केले, आणि स्वतंत्र भारतातल्या गिर्यारोहणाची सुरुवात बरेच जण तिथून मोजतात. ही सगळी पेशाने शाळामास्तर माणसे. आठवडाभर तास घ्यायचे, वह्या तपासायच्या आणि सुट्टी लागली की सॅक पाठीवर टाकायची. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट 1954 मध्ये निघाली, तेव्हा तिचे पहिले प्राचार्य झालेले मेजर नंदू जयाल याच शाळेचे विद्यार्थी. अर्थात दून ही सधन घरांतल्या मुलांची निवासी शाळा होती. ते प्रारूप जसेच्या तसे तालुक्याच्या शाळेत आणता येत नाही, हेही तितकेच खरे.

महाराष्ट्राजवळ दुसरे एक प्रारूप आहे आणि ते अधिक उपयोगाचे आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम केले. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येत नाहीत, तेव्हा शाळाच कुरणात न्यायची, या विचारातून कुरणशाळा आली. ताराबाई पदवीधर होत्या आणि राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाच्या प्रमुख राहिलेल्या होत्या. अनुताईंनी प्राथमिक शिक्षिकेची नोकरी केली होती आणि रात्रशाळेत शिकून मॅट्रिकची परीक्षा दिली होती. रानाचे शिक्षण त्यांना रानातल्या लोकांकडूनच मिळाले.

तिसरे उदाहरण थेट याच वयोगटाचे. मध्य प्रदेशात 1972 मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 माध्यमिक शाळांत, तिकडच्या भाषेत मिडल स्कूलांत, विज्ञान शिक्षणाचा एक प्रयोग सुरू झाला. सहावी ते आठवीची मुले पाठ्यपुस्तक घोकण्याऐवजी प्रयोग करत, शेतात आणि नदीकाठी परिभ्रमणाला जात. शिक्षक होते सरकारी शाळांतलेच, पुष्कळसे विज्ञानाची पदवी नसलेले. त्यांना उन्हाळी सुट्टीत प्रशिक्षण देणाऱ्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ होते. पुढे दर महिन्याला शिक्षकांची बैठक भरे. वर्गात काय फसले हे तिथे मोकळेपणाने मांडले जाई. पुढे हे काम ‘एकलव्य’ संस्थेकडे आले आणि 2002 मध्ये सरकारने ते थांबवले. त्यातून एक गोष्ट मात्र सिद्ध होऊन गेली. सामान्य पार्श्वभूमीचा शिक्षक बाहेरच्या वर्गात उत्तम काम करू शकतो, पण त्याच्या पाठीशी विषयातले जाणते लोक आणि नियमित बैठक लागते. पालकांनी शाळेला भेट द्यावी तेव्हा ‘तुमचे शिक्षक आपसांत कधी आणि कशासाठी बसतात’ हा प्रश्न जरूर विचारावा. उत्तर द्यायला वेळ लागला, तर तेच उत्तर समजावे.

आता गिर्यारोहणाच्या प्रमाणपत्रांकडे वळू. दार्जिलिंगची संस्था, 1965 मध्ये सुरू झालेली उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, मनाली आणि पहलगाम इथल्या संस्था यांच्या कोर्सना देशभर मान आहे. बेसिक कोर्स सुमारे चार आठवड्यांचा असतो. त्यात कातळ आणि बर्फावर चढणे, दोराच्या गाठी, बिले देणे (चढणाऱ्याला दोराने सांभाळणे), तंबूतले जगणे शिकवतात. त्यात ‘ए’ श्रेणी मिळाली तरच ॲडव्हान्स कोर्सला प्रवेश मिळतो. त्यानंतर ‘मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन’ हा कोर्स येतो, आणि शिकवायचे कसे हे शिकवणारा कोर्स तोच. शाळेत येणाऱ्या बऱ्याच अर्जदारांकडे फक्त बेसिकचे प्रमाणपत्र असते. ते असणे चांगलेच, पण त्याचा अर्थ एवढाच की माणूस चार आठवडे कडक शिस्तीत राहिला आणि स्वतःपुरते चढायला शिकला. दुसऱ्याला, तेही बारा वर्षांच्या मुलाला, सुरक्षित नेण्याचा परवाना म्हणून त्याकडे पाहणे चूक आहे.

शिवाय हिमालयातले बर्फ आणि सह्याद्रीतला घसारा यांत फार अंतर आहे. सह्याद्रीत धोका निराळ्या रूपात येतो. सप्टेंबरात कमरेएवढ्या गवताखाली न दिसणारी कड्याची कड, नळीच्या वाटेत वरच्या मुलाच्या पायाने सुटणारा दगड, पावसाळ्यात पाऊण तासात फुगणारा ओढा, मार्चनंतर टाक्यातले आटलेले पाणी आणि आग्या मोहोळ. अत्तर, धूर, मोठ्याने ओरडणे यांनी मधमाश्या उठतात, हे गडावर जाणाऱ्या कुणालाही माहीत असते. पण चाळीस मुलांच्या रांगेत कोणी डिओ मारून आले आहे का, हे निघण्यापूर्वी तपासणारा शिक्षक विरळा. अर्जदाराने हिमालयातली किती शिखरे केली यापेक्षा ज्या डोंगरात मुलांना न्यायचे, तिथे त्याने चारही ऋतू काढले आहेत का, हे पाहावे. याहूनही कामाचा प्रश्न वेगळा आहे. कोणत्या वेळी अर्ध्या वाटेवरून परत फिरलात आणि का? ज्याला असा एकही प्रसंग सांगता येत नाही, तो एक तर फार थोडा फिरलेला असतो किंवा फिरायचे कुठे थांबवावे हे त्याला कळत नसते. दोन्ही गोष्टी शाळेच्या दृष्टीने सारख्याच.

अपुऱ्या पार्श्वभूमीचे काय होते, याचे उदाहरण इंग्लंडमधल्या लाइम बेच्या दुर्घटनेत आहे. 22 मार्च 1993 रोजी आठ शाळकरी मुले, त्यांचे एक शिक्षक आणि एका साहसकेंद्राचे दोन प्रशिक्षक छोट्या कयाक होड्यांतून किनाऱ्याकिनाऱ्याने जवळच्या गावाकडे निघाले. अंतर जेमतेम तीन किलोमीटर. थोड्याच वेळात शिक्षकांची होडी उलटली. ती सरळ करावी तर पुन्हा उलटे. एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी थांबला आणि दुसऱ्या प्रशिक्षकाकडे आठ मुले आली. त्या प्रशिक्षकाने सगळ्या होड्या एकमेकींना लावून धरल्या, तोवर किनाऱ्याकडून येणाऱ्या वाऱ्याने तो जथा खोल समुद्राकडे ढकलला. जवळ मदतीचा इशारा द्यायला धूरकांड्या नव्हत्या, रेडिओ नव्हता. जेवणाच्या वेळेला मुले पोचली नाहीत तरी किनारारक्षकांना कळवायला दुपार कलली. चार मुले गेली. दोन्ही प्रशिक्षकांकडे होडी चालवण्याची अगदी प्राथमिक पात्रता होती, खुल्या समुद्रात गट नेण्याची नव्हती. आदल्या वर्षी त्याच केंद्रातल्या प्रशिक्षकांनी सुरक्षेबद्दल लेखी इशारा देऊन नोकरी सोडलेली होती. कंपनी आणि तिचे प्रमुख सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरले, आणि 1995 मध्ये ब्रिटनने मुलांसाठी साहसी उपक्रम चालवणाऱ्या केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला.

या घटनेतला शिक्षकांचा भाग सहसा कोणी पाहत नाही. सोबतचा मोठा माणूस स्वतःच नवशिका असेल, तर तो मदतनीस न राहता सांभाळायचे आणखी एक मूल होतो. शाळा बाहेरच्या कंपनीला काम देते तेव्हाही म्हणून तिच्या स्वतःच्या शिक्षकांना त्या उपक्रमाची किमान तयारी लागते. महाराष्ट्राने 2021 मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले आणि असे उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायला सांगितले. बाहेरच्या संस्थेचा नोंदणी क्रमांक मागणे हे शाळेचे काम आहेच, पालकांनीही तो मागायला संकोचू नये. पाण्यासाठी तर वेगळीच परीक्षा लावावी. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला गेलेले कॉलेजचे विद्यार्थी भरदिवसा, सगळ्यांच्या देखत बुडाले. सोबतच्या शिक्षकाला पोहता येते की नाही, भरती-ओहोटीचे वेळापत्रक वाचता येते की नाही, हे प्रश्न समुद्राकाठच्या कोणत्याही भेटीआधी विचारायचे आहेत. ‘पाण्यात उतरणारच नाही’ हे आश्वासन तेराव्या वर्षीच्या मुलांच्या बाबतीत फारसे टिकत नाही.

प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र बहुतेक शिक्षक दाखवतात. ते शहरातल्या प्रथमोपचाराचे आहे की दवाखान्यापासून दूरच्या, हे पाहावे. शहरातला प्रथमोपचार रुग्णवाहिका वीस मिनिटांत येईल असे धरून शिकवलेला असतो. रानातल्या प्रथमोपचाराचा प्राथमिक कोर्स साधारण 16 तासांचा आणि पुढचा, गट नेणाऱ्यांसाठीचा, 70 ते 80 तासांचा असतो. मसुरीच्या वुडस्टॉक शाळेचे हॅनिफल सेंटर यांसारख्या ठिकाणी हे कोर्स भारतातही होतात. दोन-तीन वर्षांनी ते पुन्हा करावे लागतात, म्हणून प्रमाणपत्रावरची तारीख वाचावी. ज्ञान तपासायचे तर सोपा प्रश्न पुरतो. मुलाला सापाने दंश केला, जवळचे ग्रामीण रुग्णालय तीस किलोमीटरवर आहे, काय कराल? नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे महाराष्ट्रातले चार प्रमुख विषारी साप सांगून थांबणाऱ्याला अर्धेच गुण. दंशाची जागा कापायची नाही, चोखायची नाही, आवळून बांधायची नाही, मुलाला चालवायचे नाही, हातापायाला फळीचा आधार देऊन तो हलू द्यायचा नाही, साप मारायच्या मागे लागायचे नाही, आणि प्रतिसर्पविष कुठे उपलब्ध आहे याची चौकशी निघण्याआधीच करून ठेवलेली असते, असे सांगणारा शिक्षक कामाचा. 108 चा नंबर सगळ्यांनाच पाठ असतो. कोणत्या टेपावर मोबाइलला रेंज येते, हे थोड्यांना ठाऊक असते.

निसर्ग अभ्यासकांची पार्श्वभूमी बहुधा समृद्ध असते. 1883 पासून काम करणारी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी पक्षी आणि वनस्पतींच्या ओळखीचे अभ्यासक्रम चालवते. पुण्यात प्रकाश गोळे यांनी 1982 मध्ये स्थापन केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीचा निसर्ग व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम अनेकांनी केलेला असतो, आणि गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेत एमएस्सी होते. या मंडळींचा दोष एकच, आणि तो ज्ञानातूनच येतो. त्यांना सगळे सांगून टाकायचे असते. पक्षी दिसला की नाव, इंग्रजी नाव, शास्त्रीय नाव, घरटे, अंडी. मुले वहीत उतरवतात, पक्षी मात्र तोवर उडालेला असतो. निवड करताना अभ्यासकाला मुलांसमोर बोलायला लावू नये, दहा मिनिटे गप्प राहून मुलांना पाहू द्यायला सांगावे. ज्याला ते जमते, तो शाळेचा.

चांगला बाहेरचा तास कसा दिसतो, याचा एक नमुना देता येईल. विषय ओढ्याचे पाणी, वर्ग सातवीचा. मुलांनी काठाकाठाने दहा मीटर अंतर मोजून दोन खुणा केल्या, वरच्या खुणेपाशी वाळकी काटकी सोडली आणि ती खालच्या खुणेला यायला वीस सेकंद लागले. म्हणजे वेग सेकंदाला अर्धा मीटर. ओढ्याची रुंदी दोन मीटर, खोली पाच ठिकाणी मोजून सरासरी पाव मीटर. गुणाकार केला तर सेकंदाला पाव घनमीटर, म्हणजे 250 लिटर. इथे गणिताचे शिक्षक विचारतात, तळाशी पाणी याच वेगाने जाते का? मुले दोरीला दगड बांधून, पाने सोडून पाहतात. तळाचे पाणी मंद असते, म्हणून उत्तर साधारण आठ-दशांश पट धरायचे हे कळते आणि आकडा 200 लिटरवर येतो. तोवर निसर्ग शिक्षिका दुसऱ्या गटाकडून पाण्यातले दगड उलटवून खालच्या अळ्या पांढऱ्या ताटलीत मोजून घेतात आणि पाणी स्वच्छ आहे की मळलेले, हे त्या अळ्यांवरून ठरवायला लावतात. मैदानी प्रशिक्षक मात्र पूर्ण वेळ प्रवाहाच्या वरच्या अंगाला उभा असतो, पाठ मुलांकडे आणि नजर डोंगराच्या माथ्यावरच्या ढगाकडे. या तासात तो एक शब्दही बोलत नाही, तरी त्याचे काम बाकी दोघांपेक्षा हलके म्हणता येणार नाही. तीन पार्श्वभूमी एका तासात अशा एकत्र येतात, आणि शाळेची पारख करायची तर असा एक तास प्रत्यक्ष पाहण्यासारखा उपाय नाही.

चौथी पार्श्वभूमी गावातल्या माणसाची. कातकरी, ठाकर, महादेव कोळी समाजातले जाणते लोक रानभाज्या, मासे, पाऊस, जनावरांच्या खुणा यांबद्दल जे सांगतात, ते कोणत्याही अभ्यासक्रमात सापडत नाही. शाळा त्यांना बहुधा वाटाड्या म्हणून बोलावते, दिवसाची मजुरी देते आणि फोटोत मागे उभे करते. हे बरे नाही आणि शहाणपणाचेही नाही. वर्षभराच्या वेळापत्रकात त्यांचे तास ठरलेले असावेत, मानधन इतर निदेशकांच्या बरोबरीने असावे, आणि वाटेबद्दल त्यांनी ‘आज नको’ म्हटले तर मुख्याध्यापकांनी तो शब्द शेवटचा मानावा. कायद्यानुसार विषयशिक्षकाची जागा त्यांना देता येत नाही, पण निदेशक म्हणून घ्यायला अडचण नसते.

मुक्कामी उपक्रमांत शिक्षिका असणे ही सोय नाही, गरज आहे. या वयात बऱ्याच मुलींची पाळी सुरू होते, काहींची पहिल्यांदा मुक्कामावरच येते. सोबत शिक्षिका नसेल तर मुलगी दोन दिवस पाणी न पिता काढते आणि मग चालताना चक्कर येऊन पडते. गिर्यारोहणात आलेल्या बायकांची संख्या कमी असल्याने शाळांना अशा शिक्षिका सहज मिळत नाहीत. तेव्हा आहेत त्या विषयशिक्षिकांनाच कोर्सला पाठवणे, आणि त्या काळाचा पगार देणे, हा व्यवहार्य मार्ग. प्रत्येक माणसाची पोलीस पडताळणी, आधीच्या शाळेत फोन करून केलेली चौकशी, तंबूत किंवा खोलीत मुलांसोबत एकटा मोठा माणूस कधीही न राहण्याचा नियम, हे लेखी असायला हवे. 2012 च्या पॉक्सो कायद्याने मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळवणे बंधनकारक केले आहे. शिबिरातल्या तात्पुरत्या मदतनिसालाही हे सांगितलेले असावे. साहसाच्या वातावरणात मोकळेपणा फार असतो आणि त्याच मोकळेपणाचा गैरफायदा घेतला जातो, म्हणून इथे शाळेने जरा संशयी असलेलेच चांगले.

नेमणुकीची मुलाखत कार्यालयात संपवू नये. अर्जदाराला वीसेक मुलांसोबत जवळच्या टेकडीवर एक दिवस न्यावे आणि लांबून पाहावे. निघताना त्याने मुले मोजली का, विश्रांतीनंतर पुन्हा मोजली का? रांगेच्या पुढे आणि मागे कोण राहील हे ठरवले का? सर्वांत मागे राहणाऱ्या मुलाचा वेग तोच सगळ्यांचा वेग, हे त्याच्या चालण्यातून दिसते का? रॉक पॅचवर एखादी मुलगी ‘मला नाही जमणार’ म्हणाली तर तो चिडवतो, ढकलतो, की खाली बसून तिला पाय कुठे ठेवायचा ते दाखवतो आणि तरीही ती नको म्हणाली तर दुसरे काम देतो? संध्याकाळी परतल्यावर त्याला एक पान लिहायला सांगावे. दिवसभरात मुले काय शिकली, हे ज्याला लिहिता येत नाही, त्याच्याकडे मुले सोपवता येतात, शिक्षण सोपवता येत नाही.

शाळा पाहायला जाणाऱ्या पालकांसाठी आणखी एक कसोटी आहे. मैदानी शिक्षकांपैकी किती जण तिथे तीन वर्षांहून जास्त टिकले? या कामात पगार सहसा कमी, शनिवार-रविवार जातो, गुडघे लवकर बोलू लागतात, आणि तरुण प्रशिक्षक एखाद-दोन हंगाम करून हिमालयातल्या कंपन्यांकडे निघून जातात. दरवर्षी नवी माणसे आली तर मुलांतले दमेकरी कोण, घाबरणारे कोण, हे कुणालाच माहीत राहत नाही. चाळिशीनंतरही लोक टिकलेत अशा शाळेत बहुधा त्यांना नियोजन, स्वयंपाकघर, नकाशे, नव्या शिक्षकांची तयारी अशी कामे दिलेली आढळतात.

ज्यांना या कामात यायचे आहे, त्यांनी क्रम उलटा करू नये. आधी पदवी आणि बीएड, टीईटी, मग साध्या शाळेत निदान दोन वर्षे पूर्ण वेळ शिकवणे. पंचेचाळीस मुलांच्या वर्गात आवाज न चढवता शांतता आणता आली, तर ओढ्याकाठी वीस मुले सांभाळणे अवघड जात नाही. त्या दोन वर्षांत सुट्टीच्या दिवशी एखाद्या जुन्या गिर्यारोहण संस्थेबरोबर सह्याद्रीत फिरावे. फिरताना पुढे धावण्याऐवजी पिछाडी सांभाळायचे काम मागून घ्यावे. पोहणे, रानातला प्रथमोपचार आणि एक निसर्ग अभ्यासक्रम त्यानंतर. बेसिक कोर्स यांच्या जोडीने करता येतो. हिमालयातल्या संस्थांच्या तुकड्या प्रामुख्याने उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर निघतात. शिक्षकाला सुट्टीत बसणारी मे महिन्याची तुकडी सोयीची, पण ती सगळ्यांनाच सोयीची असल्याने लवकर भरते. तेव्हा अर्ज कित्येक महिने आधी करावा आणि तोवर रोज पाठीवर दहा-बारा किलो वजन घेऊन चढ चढायचा सराव ठेवावा.